चोर सोडून संन्याशाला फाशी: लिनक्सचा बूट-वेळ मोजणारी साधनं

लिनक्सचं मशीन सुरू व्हायला वेळ लागतो म्हटलं की सल्ला ठरलेला: टर्मिनल उघड, 'सिस्टिमडी-अॅनलाइझ ब्लेम' चालव आणि यादीतल्या वरच्या चार सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) बंद करून टाक. साधन चांगलं आहे, सिस्टिमडीबरोबर (मशीन सुरू करून सर्व्हिस सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम) फुकट येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण त्यातल्या सगळ्या उपकमांडमध्ये ब्लेम हीच सर्वांत फसवी, आणि तीच सर्वांत जास्त वापरली जाते.

ब्लेम एवढंच सांगते की एखाद्या युनिटला (सर्व्हिस, डिस्क असं सिस्टिमडी सांभाळतं ते प्रत्येक) 'सुरू हो' म्हटल्यापासून ते 'झालो' म्हणेपर्यंत किती वेळ गेला. तो वेळ कामात गेला की दुसऱ्याची वाट बघण्यात, आणि त्याच्यापायी बाकी कुणी खोळंबलं का, हे ती सांगत नाही. यादीत वर दिसणारं 'प्लिमथ-क्विट-वेट' बघा. सुरुवातीचं सजावटी चित्र पडद्यावरून हटेपर्यंत थांबणं, एवढंच त्याचं काम. ते बंद करून एक सेकंदही वाचत नाही. 'एपीटी-डेली' टायमरवर चालते, लॉगिनचा पडदा तिच्यासाठी अडत नाही. 'डेव्ह-एसडीए१.डिव्हाइस' अशी ओळ दिसली तर तो डिस्क ओळखली गेल्याचा क्षण समजायचा, तिथे कुणी काम करत नसतं. उलट 'टाइप=सिंपल' असलेल्या सर्व्हिसचं पोट कितीही मोठं असो, सिस्टिमडी त्यांना तत्क्षणी 'सुरू' धरतं, म्हणून त्या ब्लेमच्या यादीत येतच नाहीत. चोर मोकळा, संन्याशाला फाशी, असा हा प्रकार.

सुरुवात नुसत्या 'सिस्टिमडी-अॅनलाइझ'ने करावी. एका ओळीत फर्मवेअर (मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम), लोडर (लिनक्स मेमरीत आणणारा), कर्नल (लिनक्सचा गाभा), इनिटआरडी (मुख्य डिस्क जोडेपर्यंतची छोटी तात्पुरती सिस्टिम) आणि यूजरस्पेस (त्यानंतरच्या सगळ्या सर्व्हिस) असे तुकडे मिळतात. ही ओळ वाचताना दोन गोष्टींचं भान हवं. पहिली, लोडरच्या आकड्यात ग्रब या लोडरच्या मेनूवर थांबलेले सेकंदही येतात. ५ सेकंदांचा मेनू असेल तर सर्व्हिस कितीही छाटा, ते ५ सेकंद हलणार नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फेडोरामध्ये इनिटआरडीच्या आतही सिस्टिमडी चालतं, म्हणून तो तुकडा वेगळा दिसतो. डेबियन-उबुंटूमध्ये वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या 'इनिटरामएफएस-टूल्स'मध्ये (इनिटआरडी बनवणारं साधन) तसं नसतं, तिथे तो सगळा वेळ कर्नलच्या खात्यात पडतो. त्यामुळे अशा उबुंटूवर कर्नलला ३५ सेकंद दिसले की लोक कर्नल बदलायला निघतात, आणि प्रत्यक्षात इनिटआरडी हायबरनेशनसाठी नोंदवलेलं, आता अस्तित्वात नसलेलं स्वॅप पार्टिशन (मेमरीला पूरक असा डिस्कचा भाग) शोधत बसलेलं असतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड टाइप करण्यातला वेळही याच हिशेबात येतो. चहा आणायला गेलात तर तोही.

लॉगिननंतर डेस्कटॉप उभा राहायला लागणारा वेळ या ओळीत नाही. त्यातला तुमच्या खात्याच्या सर्व्हिसचा वेळ बघायला '--यूजर' हा पर्याय लावून तीच कमांड पुन्हा चालवायची. 'बूट अजून संपलेलं नाही' असा निरोप आला तर 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्स' बघा. कुठलं तरी काम अजून अडकलेलं असतं, आणि बहुधा तोच तुमचा आरोपी निघतो.

'क्रिटिकल-चेन' ब्लेमपेक्षा बरीच शहाणी. शेवटच्या टार्गेटपासून (बूटमधला ठरलेला टप्पा) मागे मागे जात कोण कोणासाठी थांबलं याची साखळी ती दाखवते. '@' पुढचा आकडा युनिट कधी चालू झालं ते सांगतो, '+' पुढचा त्याला सुरू व्हायला किती लागलं ते. लॅपटॉपवर या साखळीत हमखास सापडतं ते 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन'. कुठल्या तरी सर्व्हिसने 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेट मागितलेलं असतं, वायफाय जोडायला ६-७ सेकंद लागतात आणि सगळी रांग मागे उभी राहते. लगेच बंद करायची घाई नको. आधी 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स' लावून मागणारा कोण ते शोधा. बऱ्याचदा तो डॉकर (कंटेनर म्हणजे वेगळ्या कप्प्यांत प्रोग्राम चालवणारं साधन) असतो. डॉकरची सर्व्हिस डिसेबल करून सॉकेट (हाक ऐकणारं दार) तेवढं चालू ठेवलं, तर पहिली डॉकर कमांड देताच ती जागी होते. मात्र आपोआप उठणारे कंटेनर तोवर झोपून राहतात, तेव्हा सर्व्हरवर हा उपाय नको. नेटवर्कवरून एनएफएसचे फोल्डर माउंट होणार असतील तर वेट-ऑनलाइनलाही हात लावू नये.

क्रिटिकल-चेनचीही मर्यादा आहे. ती एकच साखळी दाखवते, आणि सॉकेटवरून जाग्या होणाऱ्या सर्व्हिस व समांतर चालणारी कामं तिच्यात नीट बसत नाहीत. म्हणून खरा माल आहे तो 'प्लॉट'.

'सिस्टिमडी-अॅनलाइझ प्लॉट'चं आउटपुट '>' चिन्हाने 'बूट.एसव्हीजी' अशा फाइलमध्ये वळवायचं आणि ती फाइल फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये उघडायची. चित्र दाखवणारे साधे प्रोग्राम एवढ्या रुंद चित्राशी झुंजत बसतात. शिवाय ब्राउझरमध्ये कंट्रोल-एफने युनिटचं नाव शोधता येतं, आणि शेकडो ओळींच्या चित्रात हे फार सोयीचं पडतं. आडव्या अक्षावर सेकंद, प्रत्येक ओळीत एक युनिट. गडद लाल तुकडा म्हणजे सुरू होण्याची धडपड, फिकट तुकडा म्हणजे चालू झालेलं युनिट.

वाचण्याची रीत अशी. लांब लाल पट्ट्या शोधत बसू नका, आधी उभ्या भिंती शोधा. दहा-पंधरा युनिट एकाच क्षणी सुरू झालेली दिसली, तर त्या भिंतीला नेमकी टेकून संपणारी लाल पट्टी बघा. वाट अडवणारी बहुधा तीच. एखादी लाल पट्टी १२ सेकंदांची असेल, पण तिच्या टोकाला काहीच सुरू होत नसेल, तर ती बिचारी आपल्या कोपऱ्यात काम करते आहे, तिला सोडून द्या. आणि बराच वेळ नवं काहीच सुरू होत नसेल, मधे मोकळं मैदान असेल, तर कुणी तरी टाइमआउट संपण्याची वाट बघतं आहे. मैदान बरोबर दीड मिनिटाचं असेल तर फार शोधायला नको. सिस्टिमडीची ठरलेली मुदत ९० सेकंदांची असते आणि '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) आता नसलेल्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) राहून गेलेला असतो. दुसरं लिनक्स शेजारी बसवताना स्वॅप पुन्हा फॉरमॅट झालं की यूयूआयडी बदलतो आणि जुनं लिनक्स त्याच्या नावाने टाहो फोडत बसतं. 'बीएलकेआयडी' या कमांडने मिळणारे यूयूआयडी एफएसटॅबशी ताडून पाहा, ओळ दुरुस्त करा. बाहेरून लावायची डिस्क असेल तर 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५' हे पर्याय जोडा, म्हणजे ती नसली तरी बूट अडून राहत नाही. डेबियन-उबुंटूवर 'इनिटरामएफएस-टूल्स' असेल तर त्याच्या 'रिझ्यूम' फाइलमधला यूयूआयडीही बदलून 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवावं लागतं. हे विसरलं की यूजरस्पेस सुधारतं आणि कर्नलच्या खात्यातला वेळ तसाच राहतो.

'डॉट' ही उपकमांड ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रामसाठी अवलंबनाचा आलेख काढते. सगळ्या सिस्टिमचा काढला तर सुगरणीच्या घरट्यासारखा गुंता मिळतो. एका युनिटचं नाव देऊन काढला तरच उपयोग. हिरव्या रेषा क्रम सांगतात, काळ्या सक्तीची गरज.

प्लॉटला एक मोठा आंधळा कोपरा आहे. प्रोसेसर आणि डिस्क त्या वेळी काय करत होते, हे त्याला ठाऊकच नसतं. तिथे 'सिस्टिमडी-बूटचार्ट' लागतो. मूळ बूटचार्ट २००४चा, जावात लिहिलेला. पुढे २००८मध्ये आर्यन व्हॅन डी व्हेन आणि ऑके कॉक या इंटेलच्या दोघांनी ईईई पीसी या छोट्या लॅपटॉपवर ५ सेकंदांत बूट करून दाखवलं, त्यामागे अशाच आलेखांचं काम होतं. सिस्टिमडीतला अवतार कॉक यांचाच. २०१६मध्ये तो सिस्टिमडीतून वेगळा काढला गेला, म्हणून आता वेगळं पॅकेज बसवावं लागतं.

वापरायला तो प्लॉटइतका सोपा नाही. ग्रबच्या मेनूवर 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=' लावून बूटचार्टच्या फाइलचा पूर्ण मार्ग द्यायचा आणि एफ१०. बदल त्या एकाच बूटपुरता राहतो, हे बरं. आलेख '/रन/लॉग'मध्ये तयार होतो, आणि '/रन' मेमरीत असल्यामुळे पुढच्या रीबूटला तो गायब. लगेच कॉपी करून ठेवा. सेकंदाला २५ नमुने, एकूण ५०० ही मूळची मांडणी, म्हणजे फक्त २० सेकंद. जुन्या हार्डडिस्कचं मशीन मिनिटभर घेत असेल तर आलेख ऐन रंगात आल्यावर तुटतो. 'बूटचार्ट.कॉन्फ'मध्ये 'सॅम्पल्स=१५००' करा. दोन नमुन्यांत ४० मिलिसेकंदांचं अंतर असल्याने त्याहून अल्पायुषी प्रोसेस निसटू शकतात. कर्नलमध्ये 'शेडस्टॅट्स' हा पर्याय नसेल तर प्रोसेसच्या पट्ट्या मिळत नाहीत. एवढा खटाटोप करायचा तो एका गोष्टीसाठी: प्रोसेसर रिकामा आणि डिस्कची वाट बघण्याचा आलेख छताला टेकलेला दिसला, तर सर्व्हिस छाटण्यात अर्थ नाही, एसएसडी घाला. प्रोसेसरच भरलेला असेल तर तो कोण खातो हे खालच्या पट्ट्यांत नावासकट सापडतं.

मोजमापाची शिस्त नसेल तर ही सगळी साधनं वाया. अपडेटनंतरचं पहिलं बूट मोजू नये, त्यात एकदाच होणारी कामं असतात. पूर्ण बंद करून सुरू करणं आणि रीबूट यांचे आकडे वेगळे ठेवावेत. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर किमान तीनदा मोजावं, एका वेळी एकच बदल करावा, आणि एसव्हीजी फाइलींना तारखेनुसार नावं द्यावीत.

फर्मवेअरच्या तुकड्यात मात्र यांतलं एकही साधन शिरू शकत नाही. तिथे १८ सेकंद दिसत असतील तर बायोसमध्ये जाऊन नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय बंद करून बघा. डीडीआर५ मेमरीच्या एएमडी मदरबोर्डवर 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर' चालू करून बघा, नाहीतर दर वेळी मेमरीची तालीम नव्याने होत राहते. तो पर्याय चालू केल्यावर मशीन अस्थिर झालं, तर परत बंद करा आणि ते सेकंद सोसा.