डबल किट, कोकणातला पावसाळा आणि ती फुकटची बॅग

कॅनन १५००डी कॅमेऱ्याचं डबल किट, म्हणजे कॅमेरा आणि दोन लेन्स, घेतलं, त्याला आता दुसरा पावसाळा चालू आहे. २४.१ मेगापिक्सेल, नऊ फोकस पॉइंट, १८-५५एमएम ही रोजची आणि ५५-२५०एमएम ही लांबचं टिपणारी लेन्स, हे सगळं तुम्ही वाचलेलंच असणार. कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. नवशिक्याला जेवढं लागतं तेवढं त्यात आहे. मी बॅगेबद्दल लिहिणार आहे.

पैसे मोजून झाल्यावर दुकानदाराने "ताई, बॅग आमच्याकडून" म्हणत जाड फोमची काळी बॅग हातात ठेवली. आमचं घर चिपळूणला. इथे जून-जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, पापड डब्यातच सादळतात. अशा हवेत फोम ओलावा धरून ठेवतो, वर आत अंधार आणि वारा नाही. गणपतीच्या तोंडावर बॅग उघडली तर ५५-२५०च्या आतल्या काचेवर पांढरे, बारीक, फांद्या फुटलेले धागे. फंगस!

गंमत म्हणजे त्याच बॅगेतली १८-५५ स्वच्छ होती. कारण ती सतत वापरात, कॅमेऱ्याला लावलेली, उन्हावाऱ्यात फिरणारी. लांबची लेन्स मात्र पाऊस लागल्यापासून बाहेरच निघाली नव्हती. जी लेन्स वापरात नसते तिलाच फंगस आधी धरते.

दुकानदाराला फोन केला. "फंगस वॉरंटीत नाही बसत ताई, कोकणात असंच होतं." कोकणात असंच होतं हे माहीत होतं, तर बॅग देताना तोंडात काय होतं? बॅगेऐवजी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या दिल्या असत्या तरी पुरलं असतं. यावर त्याने नवीन लेन्सचा भाव सांगितला. मी फोन ठेवला.

शेवटी कोल्हापूरच्या एका दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून पुसून दिली. बुरशी आम्ल सोडते, ते काचेवरचं कोटिंग खातं आणि खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. माझ्या लेन्सवर कडेला पुसट डाग राहिलाय. उजेडाकडे तोंड केलं की फोटो जरा फिकट येतो, एरवी कळतही नाही. त्याने घेतलेले पैसे मला जास्त वाटले, पण सोबत त्याने जे सांगितलं ते मोलाचं होतं: लेन्सभोवतीची आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, साठच्या वर दिवसच्या दिवस राहू देऊ नका, आणि अगदी तीसच्या खालीही नेऊ नका, आतलं वंगण आणि रबर सुकतं.

म्हणून आता स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातलं आर्द्रतामापक. हे मापक खरं बोलतंय का ते आधी तपासा. झाकणभर मीठ पाण्याने नुसतं ओलसर करा, मापकासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५च्या आसपास हवा. माझं ६९ दाखवत होतं, म्हणजे सहा मिळवून वाचायचं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवायचे, पण जुन्या पत्र्याच्या ताटलीत. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाचं भांडं नको. ओलावा शोषायला लेन्स तांदळात ठेवायचा सल्ला देणाऱ्यांनी आधी तांदळाची पूड लेन्सच्या रिंगमधून काढून दाखवावी.

यानंतर ५०एमएम एफ/१.८ एसटीएम ही छोटी, झूम नसलेली लेन्स घेतली आणि थोडी शांत झाले. वजन १६० ग्रॅम. एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त; किटची १८-५५ झूम करून ५०वर नेली की एफ/५.६च्या आसपास असते, त्यापेक्षा हिच्यात जवळजवळ दहापट प्रकाश येतो. समईच्या उजेडातले आरतीचे फोटो फ्लॅशशिवाय आले, आजीने पहिल्यांदा स्वतःचा फोटो मागून घेतला. अडचण एकच: या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ती ८०एमएमसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, त्यामुळे आमच्या माजघरात चारजण बसवायचे तर मला पडवीत जावं लागतं.

इथपर्यंतचं मागच्या महिन्यात लिहिलं होतं आणि पुढे "५५-२५० म्हणजे पैसे पाण्यात" असं वाक्य होतं. ते खोडलं. मध्ये उघडीप मिळाली तेव्हा मागच्या वडावर धनेशाची जोडी आली, आणि त्याच डागाळलेल्या लेन्सने चोचीवरचं शिंगसुद्धा स्वच्छ टिपलं. ५० घेऊन मी तिथे काय केलं असतं? तरीही कोकणातल्या नवख्यांना माझं सांगणं हेच, की नुसत्या १८-५५चं साधं किट आणि ५० घ्या, वाचलेल्या पैशात डबा. पक्ष्यांचा नाद लागला तर लांबची नंतर सेकंडहँड घ्या, मात्र मोबाइलचा टॉर्च आरपार मारून आतली काच बघूनच.

आतली हवा आपोआप कोरडी ठेवणाऱ्या विजेच्या ड्राय कॅबिनेटला मी श्रीमंतांचं कपाट म्हणत होते. पण भर जुलैत जेल इतक्या वेळा तापवावं लागलं की आता गॅसचाही हिशोब करायला लागलेय. पुण्यात एकाचं जुनं विकायला आहे. माझं ऐंशी टक्के ठरलंय, उरलेलं तो भाव किती सोडतो त्यावर.