पाच ठिकाणांची बस की तीन ठिकाणांची गाडी? कुस्कोहून एका दिवसात इंकांचं खोरं

पेरूतल्या कुस्को शहराच्या मुख्य चौकात पाच मिनिटं रेंगाळा, कुणीतरी लॅमिनेट केलेला कागद तुमच्यासमोर धरतंच. ‘वाये साग्रादो व्हीआयपी’, म्हणजे ‘पवित्र खोऱ्या’ची फेरी. चिंचेरो, मोराय, मारास, ओयांतायताम्बो, पिसाक. गाइड आणि बुफे जेवण धरून माणशी ७० सोल, म्हणजे साधारण सतराशे रुपये. सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सातला परत. यातल्या ‘व्हीआयपी’चा अर्थ इतकाच, की पाचही ठिकाणं एका दिवसात कोंबलेली आहेत. बस तीच, सीटही तीच.

मी हे खोरं दोनदा पाहिलं. पहिल्यांदा एकटी गेले, ती याच बसने. दुसऱ्यांदा आई-बाबा बरोबर होते, तेव्हा दिवसभरासाठी गाडी ठरवली, गाइड वेगळा घेतला आणि पाचातली दोन ठिकाणं सरळ सोडून दिली. कुणी विचारलं की ‘कसं जाऊ?’, तर मी आता उलट विचारते, की तुम्हाला इंकांचे दगड बघायचेत की विणकरांचे माग? दोन्ही म्हणालात, तर पुढचं वाचा.

आधी तिकिटाचं बघू, कारण ते बसच्या ७० सोलांत धरलेलं नसतं आणि बसमध्ये चढल्यावर अनेकांना हे कळतं. पिसाक, ओयांतायताम्बो, चिंचेरो आणि मोराय या चारही जागांचं मिळून एकच तिकीट असतं, ‘बोलेतो तुरिस्तिको’. परदेशी माणसाला या चार जागांपुरतं तिकीट ७० सोलांना पडतं आणि दोन दिवस चालतं. कुस्कोजवळचे अवशेष आणि संग्रहालयं धरून १६ जागांचं पूर्ण तिकीट १३० सोलांचं, दहा दिवसांचं. एकट्या पिसाकचं किंवा एकट्या मोरायचं तिकीट मिळत नाही. मारासच्या मिठागरांचं तिकीट आणखी वेगळं, आणि माचू पिच्चूचा तर या कशाशीच संबंध नाही. बसने जा की गाडीने, हा खर्च सारखाच.

फरक पडतो तो घड्याळात.

बसच्या बारा तासांतले चार-साडेचार तास रस्त्यावर जातात. एक तास वाटेवरच्या उरुबाम्बा गावातल्या बुफेत. उरलेल्या वेळाचे पाच तुकडे. चिंचेरोला बस आधी एका विणकाम केंद्रावर थांबली आणि मग अवशेषांसाठी पंचवीस मिनिटं उरली. मोरायला वर्तुळाकार पायऱ्यांच्या काठावर उभं राहून फोटो. खाली उतरू देतच नाहीत, त्यामुळे तिथे फार काही गमावलं नाही. गाइडने त्या पायऱ्यांना ‘इंकांची कृषी प्रयोगशाळा’ ठणकावून म्हटलं. तो अंदाज आहे, चांगला अंदाज आहे, पण अंदाजच. मारासला अर्धा तास. ओयांतायताम्बोला एक तास. पिसाकला पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते, जून महिना होता, साडेपाचला सूर्य डोंगराआड. बस वरच्या वाहनतळावर उभी राहते, तिथून समोरच्या शेतीच्या पायऱ्या आणि पलीकडच्या कड्यातली थडग्यांची भोकं दिसतात. पिसाकचं खरं सुंदर बांधकाम, सूर्याशी जोडलेल्या इंतिवाताना दगडाभोवतीची घोटीव भिंत, तिथून डोंगराच्या धारेने बरंच पुढे चालत गेल्यावर लागते. बसचा माणूस तिथे पोचत नाही. मी पोचले नाही.

गाडीच्या दिवशी आम्ही फक्त चिंचेरो, मारास आणि ओयांतायताम्बो केलं. पिसाक राहिलं, मोराय राहिलं. बाबांना आजही मोराय राहिल्याची चुटपुट आहे, ते आपण मान्य करू.

आता चिंचेरो. सगळा निर्णय माझ्या मते इथे होतो.

हे गाव कुस्कोपेक्षाही उंच, ३,७६० मीटरवर. तुपाक इंका युपांकी या इंका सम्राटाने इथे आपली जहागीर वसवली, तिच्या भिंतींवर स्पॅनिशांनी चर्च उभं केलं, आणि चौकाच्या एका बाजूला त्या इंका भिंतीचे कोनाडे अजून तसेच आहेत. पण लोक येतात ते विणकर बायकांसाठी. बसवाल्या केंद्रात तीस-चाळीस मिनिटांचं प्रात्यक्षिक असतं, आणि ते फसवं मुळीच नाही. साक्ता नावाचं मूळ किसून पाण्यात टाकलं की रिठ्यासारखा फेस येतो, त्यात मळकी लोकर बुचकळली की पांढरीशुभ्र. मग टकळी. हो, शब्दशः आपली टकळी, तिथे तिला ‘पुश्का’ म्हणतात, चालता-बोलता बायकांच्या हातात फिरत असते. मग रंग. फड्या निवडुंगावरचा कोचिनिया किडा तळहातावर चिरडतात, रक्तासारखा लाल होतो. त्यावर लिंबू पिळलं की केशरी. आपला ‘किरमिजी’ हा शब्दसुद्धा रंग देणाऱ्या किड्यावरूनच आला आहे, त्यामुळे मला त्या तळहाताकडे बघताना परकं वाटेना. शेवटी कमरेचा माग: ताण्याचं एक टोक खुंट्याला, दुसरं विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे झुकली की सैल. बाणा ठोकायला लामा या तिथल्या लोकरी प्राण्याचं टोकदार हाड. ‘गेल्या वेळी काही न घेता गेलेल्या पाहुण्याचं हाड आहे हे,’ असं सांगतात, सगळे हसतात, आणि पुढच्या मिनिटाला तुम्ही दुकानात असता.

दोन्ही वेळा तोच विनोद ऐकला. पहिल्यांदा त्यानंतर दहा मिनिटं खरेदीला मिळाली, आणि घाईघाईत मी ‘बेबी अल्पाका’, म्हणजे लामाच्या भाऊबंदाची मऊ लोकर, म्हणून एक शाल घेतली. घरी आल्यावर सुटलेला धागा जाळून बघितला, तर वितळून त्याचा टणक मणी झाला. लोकर असती तर केस जळल्यासारखा वास येऊन राख झाली असती. कुस्कोत याला ‘मेबी अल्पाका’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. बसचा थांबा कुठे असावा हे कमिशनवर ठरतं, आणि त्या शेडमध्ये हातमागाच्या दोन-चार खऱ्या वस्तूंशेजारी कारखान्यातल्या चाळीस टांगलेल्या असतात. त्या वेगळ्या ओळखायला वेळ लागतो. बसच्या फेरीत कमी पडतो तो नेमका हाच वेळ.

दुसऱ्या वेळी आम्ही तिथे अडीच तास होतो. आई घरी विणते, त्यामुळे तिने प्रात्यक्षिक संपल्यावर विणणाऱ्या बाईंच्या शेजारी बसकणच मारली. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती. गाइड अध्येमध्ये क्वेचुआ या तिथल्या भाषेतून सांगत होता, पण बरंच काम बोटांनीच झालं. त्या बाईंनी पट्टा उलटा करून दाखवला: त्यांच्या हातविणीच्या पट्ट्यात नक्षी दोन्ही बाजूंना सारखी उमटते, फक्त रंग उलटे होतात. समोर लालावर पांढरं, मागे पांढऱ्यावर लाल. मागच्या बाजूला लोंबते धागे किंवा नुसती छपाई दिसली, तर तो बहुधा यंत्राचा माल. हे एकच लक्षात ठेवलंत तरी माझ्या शालीचे पैसे वसूल.

टेबलावर अंथरायच्या एका पट्ट्याला त्यांना तीन आठवडे लागले होते. त्याची किंमत ऐकून बाबांनी भुवया उंचावल्या, तीन आठवडे ऐकून खाली आणल्या. घासाघीस आम्ही केली नाही. बाजारातल्या टोपी-मोज्यांवर खुशाल करा, तिथे ती अपेक्षितच असते.

चिंचेरोच्याच नील्दा काय्यान्याउपा या विणकर बाईंनी पुढाकार घेऊन १९९६ मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रांचं केंद्र सुरू केलं, ‘सेन्त्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसिओनालेस’. त्यांचं दुकान कुस्कोत आवेनिदा एल सोल या रस्त्यावर आहे, आणि वस्तूवर विणणारीचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते. बसनेच जायचं ठरवलंत, तर माझा सल्ला असा: चिंचेरोत बघा, शिका, हात लावा, मोठी खरेदी मात्र कुस्कोत परतल्यावर सावकाश करा.

मारासबद्दल थोडक्यात. मिठागर म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो, उरण आठवतं. इथे डोंगरातून खारट पाण्याचा झरा येतो, आणि उतारावर तीन हजारांहून जास्त वाफे गावातल्या कुटुंबांनी वाटून घेतलेत. आता वाफ्यांच्या बांधांवर चालू देत नाहीत, वरूनच बघायचं. त्यामुळे बसचा अर्धा तास इथे पुरतो. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, वाफे मातकट दिसतात; पांढरेशुभ्र हवे असतील तर मे ते सप्टेंबर.

ओयांतायताम्बोत मात्र चांगल्या गाइडला पर्याय नाही, कारण माहितीचे फलक जवळपास नाहीतच. दोनशेच्या वर पायऱ्या चढून वर गेलं की गुलाबी दगडाच्या सहा अजस्र शिळा उभ्या दिसतात, त्यांच्यामध्ये बारीक दगडाच्या पट्ट्या. बसच्या गाइडने ‘सूर्यमंदिर’ म्हटलं आणि फोटोला वेळ दिला. आमच्या गाइडने पाठ फिरवून समोर बोट दाखवलं: नदीपलीकडच्या त्या डोंगरात काचिकाता नावाची खाण आहे, हे दगड तिथून उतरवले, नदी ओलांडून आणले आणि इकडे चढवले. काही वाटेतच राहिले, त्यांना लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात. मग त्याने खालचं सपाट शेत दाखवलं. १५३७ मध्ये इंका राजा मांको इंकाने कालव्यांचं पाणी त्या मैदानात सोडून स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारोचं घोडदळ चिखलात अडकवलं आणि स्पॅनिशांना माघारी पाठवलं. हे ऐकल्यावर त्या पायऱ्या नुसत्या पायऱ्या राहत नाहीत. चुन्याशिवाय बसवलेले दगड हेमाडपंती देवळांमुळे आपल्याला नवे नसतात, पण एकेक दगड वेगळ्या आकाराचा आणि तरी फट नाही, याने बाबा बराच वेळ भिंतीला हात लावून उभे होते.

आईचे गुडघे तितके चढू शकत नाहीत. ती खाली गावातच थांबली, आणि तिचं काही बिघडलं नाही. ओयांतायताम्बोच्या गल्ल्या इंकांनी आखल्या तशाच आहेत, घरांचे दगडी चौसोपी वाडे अजून वापरात, गल्लीच्या कडेने वाहतं पाणी. बसला यासाठी वेळ नसतो. समोरच्या पिंकुय्युना डोंगरावरची इंकांची कोठारं फुकटात बघता येतात, चढ मात्र खडा आहे.

ज्येष्ठांना नेणार असाल तर उंचीचा हिशेब घाला. कुस्को ३,४०० मीटर, ओयांतायताम्बो २,८००च्या आसपास. कुस्कोत उतरल्या दिवशी डोकं धरून बसण्यापेक्षा विमानतळावरूनच खाली खोऱ्यात जाणं शहाणपणाचं. गाडीने ते जमतं, सकाळी सातच्या बसने नाही. कोकाच्या पानांचा चहा दोन्हीकडे मिळतो.

जेवणात बस जिंकते, हे कबूल. बुफेत शाकाहाऱ्याला किनोआ, बटाट्याचे चार प्रकार, मोठ्या दाण्याचं मक्याचं कणीस आणि चीज हमखास. आम्ही रस्त्यालगतच्या खानावळीत ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मांस नको, कोंबडी नको) घोकत बसलो, आणि तरी सूपचं पाणी कोंबडीचंच निघालं.

पैशाचं गणित माणसं किती यावर आहे. गाडी दिवसाला अडीचशे-तीनशे सोल, गाइडचे वेगळे जवळपास तितकेच. एकटे असाल तर हे परवडणारं नाही, बस घ्या आणि पिसाकला मात्र त्या दिवशी आत न जाता दुसऱ्या दिवशी स्वतंत्र जा, कारण तिकिटावर एका जागेत एकदाच प्रवेश मिळतो. कुस्कोहून पिसाकला कोलेक्तिवो, म्हणजे आपली वडाप, थोड्या सोलांत तासाभरात पोचवते, आणि तिकीट दोन दिवस चालतंच. चौघं असाल तर माणशी दीडशे सोल पडतात. बसच्या दुप्पट, पण दुपारी तीनला कुणी शिट्टी वाजवत नाही.

दुसऱ्या दिवशी माचू पिच्चू असेल तर आणखी एक गोष्ट. तिकडच्या बहुतेक रेल्वेगाड्या ओयांतायताम्बोहून सुटतात. बसवाल्याला आधी सांगितलंत तर सामानासकट तिथे उतरता येतं, उलट फेरी वाचते. बुकिंग करताना मात्र विचारून घ्या, की बस चिंचेरोला आधी जाते की शेवटी. शेवटी जात असेल, तर तुम्ही उतरल्यावर ती टकळ्या आणि किरमिजी हात बघायला तुमच्याशिवाय निघून जाईल.