एक खातं की तीन?

फोनवरची मेल, नंबर आणि कॅलेंडर कॉम्प्युटरवरही तशीच दिसावीत, म्हणजे सिंक व्हावीत, यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक. मेल आयडी, पासवर्ड टाकला की तिन्ही गोष्टी एकाच खात्यातून येतात, आणि नवी मेल लगेच फोनवर. ऑफिसात मीटिंगचा दिवस बदलला की खिशातल्या फोनवरही बदलतो. पण खातं कंपनीचं असेल, तर ॲडमिनला तुमच्या फोनमधला डेटा दूरवरूनच पुसण्याचा अधिकार मिळू शकतो, काही ॲपमध्ये तर घरच्या फोटोंसकट! खातं जोडताना ती परवानगी आपणच देतो, न वाचता.

दुसरा मार्ग खुल्या मानकांचा, म्हणजे कोणत्याही कंपनीला वापरता येणाऱ्या ठरलेल्या पद्धतींचा: मेलसाठी आयमॅप, कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह (२००७), नंबरांसाठी कार्डडॅव्ह (२०११). एका कंपनीशी बांधून घ्यावं लागत नाही. आयफोनमध्ये तिन्हींची सोय आहे, कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेलच्या ॲपमध्येही. अँड्रॉइडवर मात्र कॅलडॅव्ह-कार्डडॅव्हसाठी डॅव्हएक्स५सारखं वेगळं ॲप लागतं. सर्व्हरचे पत्ते भरताना पहिली संध्याकाळ जाते, हे कबूल.

गूगलने २०१३च्या जानेवारीत फुकट खात्यांसाठी नवी ॲक्टिव्हसिंक जोडणी बंद केली आणि लोकांना याच दुसऱ्या वाटेकडे वळवलं.

ऑफिसचं खातं असेल तर निवड तुमच्या हातात नसतेच. घरच्या खात्यासाठी मी दुसरा मार्ग घेईन. फक्त दोन्हींत एक लक्षात ठेवा: फोनवर खोडलेला नंबर कॉम्प्युटरवरूनही जातो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे.