मो बर्गवरचं ऑडिओबुक: मसाला न लावता सांगितलेली हेरगिरी

मो बर्ग म्हणजे अमेरिकेतला प्रोफेशनल बेसबॉल खेळाडू, जो दुसऱ्या महायुद्धात ओएसएसमध्ये, म्हणजे सीआयएच्या आधीच्या गुप्तचर संस्थेत, अधिकारी झाला. त्याच्या आयुष्यावरचं हे ऑडिओबुक मला भयंकर आवडलं, कारण उगाच मसाला भरलेला नाहीये.

बेसबॉल कळत नसलं तरी चालतं, बर्ग कॅचर होता, म्हणजे आपला विकेटकीपर, एवढं धरून चाला. गडी १५ सीझन खेळला पण होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका) फक्त ६, बॅटिंग यथातथाच. डोकं मात्र अफाट, प्रिन्स्टनला भाषा शिकला, मग खेळता खेळता कोलंबियातून वकिली. पेपरचं वेड तर असं की त्याने वाचायच्या आधी कोणी हात लावला की तो पेपर त्याच्यासाठी मेला, लगेच दुसरा विकत आणायचा.

१९३४ ला बेसबॉलचा सुपरस्टार बेब रुथच्या टीमबरोबर जपानला गेला तो किस्सा मस्त रंगवलाय. अंगात किमोनो, हातात फुलं, टोकियोच्या सेंट ल्यूक हॉस्पिटलमध्ये अमेरिकी राजदूताच्या बाळंतीण मुलीला भेटायचंय म्हणून आत शिरला आणि तिला न भेटताच थेट गच्चीवर, तिथून मूव्ही कॅमेऱ्याने अख्ख्या शहराचं शूटिंग! ही फिल्म १९४२ च्या डूलिटल हल्ल्यात, म्हणजे अमेरिकेने टोकियोवर केलेल्या बॉम्बफेकीत, कामी आली असं सगळीकडे ठोकून देतात, पण त्याला पक्का पुरावा नाही हे इथे सरळ सांगितलंय, आणि तिथेच माझा विश्वास बसला.

खरा जीव आहे तो झ्युरिकच्या भागात. डिसेंबर १९४४, जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्गचं लेक्चर, आणि बर्ग श्रोत्यांत बसलेला, खिशात पिस्तूल आणि स्वतःसाठी सायनाइडची गोळी. जर्मनीचा अणुबॉम्ब होत आलाय असं वाटलं तर हायझेनबर्गला तिथेच गोळी घालायची. लेक्चर निघालं एस-मॅट्रिक्स नावाच्या फिजिक्समधल्या थिअरीवर, बॉम्बचा संबंधच नाही. नंतर स्विस शास्त्रज्ञ पॉल शेररकडच्या जेवणात हायझेनबर्ग युद्ध हरल्यात जमा आहे अशा सुरात बोलला, आणि बर्गने पिस्तूल काढलंच नाही. इथे निवेदक आवाज चढवत नाही, म्युझिक नाही, नुसता एक माणूस दुसऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकतोय आणि त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे, मला तर श्वास घ्यायचं सुचेना.

कमी कुठे पडतं तर युद्धानंतर. मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकी सरकारचा सन्मान त्याने नाकारला, पुढे वर्षानुवर्षं भावाच्या घरी राहिला, नोकरी अशी धड नाहीच, १९७२ ला गेला, मग बहिणीने ते मेडल स्वीकारलं. इतकं मोठं प्रकरण भराभर उरकलंय, आणि मला तर तोच माणूस जास्त कळून घ्यायचा होता.

पाचपैकी चार स्टार. आणि चॅप्टरना नावं द्या हो, नुसते आकडे आहेत, झ्युरिकचा भाग परत ऐकायचा तर स्लायडर मागेपुढे करत बसावं लागतं.