प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर: इस्त्रीपासून फ्रिजपर्यंतचा हिशेब

विजेचे बिल वाढले की आमच्या घरात पहिला संशय गीझरवर जातो आणि गीझर बंद ठेवूनही बिल उतरले नाही की तो फ्रिजवर येतो. हा वाद मिटावा म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसणारा एक डिजिटल वॅटमीटर मागवला. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मीटर आणि मीटरमध्ये उपकरणाची पिन, एवढीच त्याची जोडणी. बटण दाबत गेले की पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकारातला खऱ्या शक्तीचा वाटा) आणि वापरलेली युनिटे आळीपाळीने दिसतात. रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, मात्र तो दाखवत नाही. तो आपणच काढावा लागतो, आणि मला हा मीटर आवडला तो मुख्यतः या आकडेमोडीमुळे.

सुरुवात इस्त्रीपासून केली. तिच्यावर २३० व्होल्ट, १००० वॅट असे छापलेले आहे. दुपारी मीटरने २२४ व्होल्ट, ४.२२ अँपिअर आणि ९४५ वॅट दाखवले. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध येतो ५३ ओहम, आणि छापील आकड्यांवरून, म्हणजे २३० च्या वर्गाला १००० ने भागून, तो येतो ५२.९ ओहम. इस्त्री खरे बोलत होती. संध्याकाळी मात्र आमच्याकडे दाब २०५ व्होल्टपर्यंत उतरतो, तेव्हा त्याच इस्त्रीतून ३.८६ अँपिअर धारा वाहिली आणि शक्ती ७९१ वॅटवर आली. दाब २३० पेक्षा जेमतेम ११ टक्क्यांनी कमी असताना शक्ती मात्र सुमारे २१ टक्क्यांनी घटते, कारण रोध तोच राहिला तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी कपड्यांची कडक घडी का बसत नाही, हे त्या दिवशी कळले.

मीटरचे आकडे कितपत विश्वासार्ह आहेत हे तपासण्यासाठी मी महावितरणच्या मीटरचाच आधार घेतला. आमच्या मीटरवर एका युनिटला (म्हणजे १००० वॅट एक तासभर) ३२०० स्पंद असे छापलेले आहे, आणि दर स्पंदाला त्यावरचा लाल दिवा एकदा लुकलुकतो. घरातले बाकी सर्व काही बंद करून फक्त २००० वॅटचा गीझर चालू ठेवला, तेव्हा १०० वेळा लाल दिवा लुकलुकण्यास ६१ सेकंद लागले, म्हणजे सुमारे १८४४ वॅट. वॅटमीटर त्या वेळी २२२ व्होल्ट, ८.४ अँपिअर आणि १८६५ वॅट दाखवत होता. फरक सव्वा टक्क्याच्या आतला आहे आणि त्यात स्टॉपवॉच दाबणाऱ्या माझ्या बोटाचाही वाटा असणार. एक गोष्ट मात्र खटकली: दहा मिनिटांनी मीटरच्या पिना हाताला गरम लागल्या. सांध्याचा रोध ०.०५ ओहम इतका क्षुल्लक धरला तरी ८.४ च्या वर्गाने गुणल्यावर तिथे साडेतीन वॅट उष्णता तयार होते, आणि सांधा सैल असेल तर त्याहून अधिक. त्यामुळे मोजणी झाल्यावर मी गीझर पुन्हा थेट सॉकेटला जोडतो.

पिवळ्या उजेडाचा १०० वॅटचा जुना दिवा अजून घरात आहे. थंड असताना, होल्डरमधून काढून, मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला तर ३८ ओहम आला. यावरून शक्ती काढली असती, तर १३०० वॅटच्या वर गेली असती. पेटलेल्या दिव्याने प्रत्यक्षात २२६ व्होल्टला ०.४३ अँपिअर घेतले, म्हणजे रोध ५२५ ओहम. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध इतका वाढतो. म्हणून दाब आणि धारा दोन्ही उपकरण चालू असतानाचीच घ्यावी लागते.

मीटरसोबत आलेल्या पत्रकात मात्र एक ढोबळ चूक आहे. ‘कोणत्याही उपकरणाचे वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर’ असे त्यात म्हटले आहे. आमच्या फ्रिजच्या बाबतीत २२५ व्होल्ट आणि ०.८५ अँपिअर यांचा गुणाकार १९१ येतो, पण पडदा १२८ वॅट दाखवतो, आणि पडदाच बरोबर आहे. कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये धारा दाबाच्या मागे रेंगाळते, म्हणून गुणाकाराला पुन्हा ०.६७ या पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. २२५ ला ०.८५ ने भागून येणारे २६५ ओहम हाही तिथल्या तारेचा रोध नव्हे, कारण त्यात वेटोळ्याचा आणि फिरत्या मोटरचा प्रतिसादही मिसळलेला असतो. पॉवर फॅक्टर स्वतंत्रपणे दाखवणारा मीटर बनवणाऱ्यांनीच पत्रकात त्याचा विसर पाडावा, हे विचित्र आहे. विक्रेत्याला तसे कळवले. उत्तर आले नाही.

लहान उपकरणांसाठी मात्र हा मीटर कामाचा नाही. धारेची पायरी ०.०१ अँपिअरची असल्यामुळे ०.०४ या आकड्यात खरी धारा ०.०३५ ते ०.०४५ यांपैकी काहीही असू शकते, आणि मोबाइलचा चार्जर नुसता लावून ठेवला तर पडद्यावर शून्यच दिसते. पडद्यामागे उजेड नसल्याने फ्रिजच्या मागचा आकडा वाचायला टॉर्च घेऊन वाकावे लागते. गीझर, इस्त्री, शेगडी आणि फ्रिज यांचा हिशेब ज्यांना हवा आहे त्यांनी हा जरूर घ्यावा. टीव्ही आणि चार्जर बंद असतानाही वीज खातात का, एवढेच पाहायचे असेल, तर घेऊ नये.