महासाथीच्या काळात डोळ्यात इंजेक्शन देणारा बाह्यरुग्ण विभाग: दीड वर्षाचा अनुभव

माझ्या आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधुमेहामुळे सूज आली आहे आणि ती आटोक्यात राहावी म्हणून तिला ठरावीक अंतराने डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. मार्च २०२० मध्ये महासाथ जाहीर झाली तेव्हा तिची तीन इंजेक्शने झाली होती, आणि चौथे पुढे ढकलावे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. ढकलले तर सूज वाढून गेलेली नजर पुढच्या उपचारांनीही पूर्ण परत येईलच असे नाही; न ढकलावे तर उतारवय आणि मधुमेह असलेल्या माणसाला कोविडचा धोका मोठा. अखेर आम्ही जायचे ठरवले. जून २०२० पासून २०२१ च्या अखेरपर्यंत त्याच नेत्रचिकित्सालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही नऊ वेळा गेलो. तिथे संसर्ग टाळण्यासाठी काय केले जात होते आणि काय राहून गेले, ते या परीक्षणात लिहीत आहे.

प्रथम इंजेक्शनच्या खोलीविषयी, कारण या विभागाचे खरे कौशल्य मला तिथेच दिसले. या उपचारात डॉक्टरांचा चेहरा रुग्णाच्या चेहऱ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर असतो, त्यामुळे विषाणू दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. वुहानमधील नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांना काचबिंदूच्या एका लक्षणे नसलेल्या रुग्णाकडून संसर्ग झाला असे मानले जाते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले. मात्र या खोलीत विषाणूखेरीज आणखी एक धोका असतो आणि तो महासाथीच्या आधीपासूनचा आहे. सुई डोळ्याच्या आत जात असल्यामुळे तिच्यासोबत जिवाणू आत गेले तर डोळ्याच्या अंतर्भागात गंभीर संसर्ग होतो. असे साधारणपणे दोन ते तीन हजार इंजेक्शनांमागे एकदा घडते, पण ज्याला घडते त्याची दृष्टी जाऊ शकते. या जिवाणूंपैकी काही तोंडातले असतात, म्हणून डोळ्यावर वाकून बोलणे हाच एक धोका ठरतो.

रुग्णाच्या मास्कचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो. मास्क नाकावर नीट बसलेला नसेल तर श्वासाचा झोत वरच्या कडेतून थेट डोळ्याकडे जातो. म्हणजे डॉक्टरांना विषाणूपासून वाचवणारा मास्कच रुग्णाच्या डोळ्याला जिवाणूंच्या तोंडी देऊ शकतो. या विभागातल्या सिस्टर पहिल्या भेटीपासून मास्कची वरची कड नाकाच्या हाडावर आणि दोन्ही गालांवर चिकटपट्टीने पक्की करत, आईला एकदा जोरात श्वास सोडायला लावत आणि डोळ्यांपाशी हवा लागत नाही याची खात्री झाल्यावरच तिला आत नेत. झडप असलेला मास्क घालून आलेल्यांना तो बदलायला सांगितले जाई, कारण झडपेतून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही. हे सगळे इतक्या शांतपणे आणि न चुकता होत असे की मला त्या सिस्टरांविषयी मनापासून आदर वाटतो.

आतला क्रमही ठरलेला होता. आधी भूल देणारे थेंब, मग पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, आणि त्यानंतर ते काम करीपर्यंत थांबणे. घाईच्या दिवशीही हा थांबा त्यांनी कमी केला नाही. पापण्या क्लिपने उघड्या धरल्यानंतर खोलीत कोणीही बोलत नसे. आईला कमी ऐकू येते आणि ती समोरच्याच्या ओठांवरून बरेचसे समजून घेते. मास्क आणि मौन या दोहोंमुळे ती सुरुवातीला फार भेदरली होती. दुसऱ्या भेटीपासून सिस्टरांनी तिला आत नेण्याआधीच सगळे टप्पे मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद वाचायला दिला आणि खांद्यावर एकदा थोपटले की वर पाहायचे, दोनदा थोपटले की झाले, असे तिच्याशी ठरवून घेतले. असे करा असे आम्ही कोणी सुचवले नव्हते.

एका भेटीत मात्र नव्या मदतनीसाने हातमोजे घातलेल्या हाताने खिशातला फोन काढला आणि त्याच हाताने साहित्याच्या ट्रेकडे वळला. मी दारातून ते सांगताच डॉक्टरांनी तो संच बाजूला ठेवायला लावला आणि सगळी तयारी पुन्हा केली. चूक गंभीर होती, पण ती मान्य करायला कोणी खळखळ केली नाही.

प्रतीक्षाकक्षाविषयी मला इतके चांगले लिहिता येत नाही. दारात ताप मोजला जाई, बुटांवर फवारा मारला जाई, खुर्च्या दर तासाला पुसल्या जात. आणि खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन चालू असे. इंजेक्शनच्या खुर्चीत आई दहा मिनिटेही नसे, पण बाहुली मोठी करणारे थेंब, पडद्याचा स्कॅन आणि तपासणी यांच्या मधल्या वेळेत त्या बंद हवेत आम्ही दीड-दोन तास बसत असू. लक्षणे दिसण्याआधीच माणूस विषाणू पसरवू शकतो, त्यामुळे ताप मोजून फारसे काही साधत नाही. हवेचा हिशेब मात्र थेट आहे: नवे कण येत नसतील आणि खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात, १२ वेळा बदलत असेल तर सुमारे २३. तिथे तर नवे रुग्ण सतत येत होते. बुटांवरच्या फवाऱ्यावर खर्च झालेले श्रम खिडक्या उघडण्यावर खर्च झाले असते तर मला जास्त बरे वाटले असते.

मी हे लेखी कळवले. दोन भेटी काहीच बदलले नाही. २०२१ च्या सुरुवातीपासून मात्र खिडक्या उघड्या दिसू लागल्या, वेळा वीस-वीस मिनिटांच्या अंतराने दिल्या जाऊ लागल्या, आणि दर वेळच्या पूर्ण तपासणीऐवजी ज्या रुग्णांची स्थिती स्थिर आहे त्यांना थेट इंजेक्शनसाठी बोलावले जाऊ लागले. आमचा तिथला मुक्काम चाळीस मिनिटांवर आला. हा बदल सहा महिने आधी व्हायला हवा होता, कारण त्या सहा महिन्यांत तिथे बसलेले बहुतेक लोक आईसारखेच वयस्क आणि मधुमेही होते.

इंजेक्शननंतरची सोय समाधानकारक आहे. पुढच्या काही दिवसांत दुखणे वाढले, लाली वाढली किंवा नजर धूसर झाली तर कोविड चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता लगेच या, त्यासाठी वेगळी खोली ठेवली आहे, असे कागदावर स्पष्ट छापलेले होते. एकदा रात्री आईचा डोळा फार चुरचुरला तेव्हा दिलेल्या क्रमांकावर डॉक्टरांनी स्वतः फोन घेतला, नजर कशी आहे ते आधी विचारले, आणि हा आयोडीनचा त्रास वाटतो असे सांगूनही सकाळी डोळा तपासायला बोलावले.

ज्यांना कुठेही असे इंजेक्शन घ्यायचे आहे त्यांनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, नाकावर घट्ट बसणारा मास्क घालावा आणि चिकटपट्टी लावली गेली नाही तर ती लावायला सांगावी. आम्ही याच विभागात पुढेही जाणार आहोत; आईचे पुढचे इंजेक्शन सहा आठवड्यांनी आहे.