निर्यातीची पेटी आणि वाशीची पेटी

आमच्या रत्नागिरीकडे कलम एकच असतं, पण फळ कुठे जाणार यावर त्याची तपासणी ठरते.

युरोपला जाणाऱ्या हापूससाठी बागेची नोंदणी 'मँगोनेट'वर, म्हणजे निर्यातीच्या आंबाबागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, लागते. कधी, कोणतं औषध, किती मारलं, हे वहीत लिहायचं. मग नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. तिथे फळात उरलेला औषधाचा अंश मोजतात. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकालाही 2020 पासून तिथे हीच अट आहे. मोहोरावर तुडतुडे आणि फुलकिडे आले की हात आपोआप पंपाकडे जातो, आणि मग फवारणी ते काढणी हे दिवस मोजावेच लागतात. वैताग आहे, पण वही ठेवणारा बागायतदार औषधावरचा खर्चही बघायला लागतो, हे मी स्वतः पाहिलंय.

वाशीच्या, म्हणजे नवी मुंबईतल्या घाऊक बाजारात जाणाऱ्या, पेटीलाही कायदा आहेच. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा, त्याखाली एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ठरवलेल्या मर्यादा. कागदावर फार ढिलाई नाही. फरक तपासणीच्या वेळेत आहे: इथे नमुना घेतला तर बाजारातून, आणि अहवाल येईतो आंबा खाऊन, बाठा परसात पुरूनही झालेला असतो.

मला विचाराल तर वहीची सक्ती दोन्हीकडे हवी. प्रत्येक पेटीची प्रयोगशाळा चाचणी छोट्या बागायतदाराला परवडायची नाही. वही मात्र एका पेनात होते.